संगणकांचे टपाल : पाकिटे आणि मानीव वाटा



आज आपल्या भागात मोबाईल नाही असे घर क्वचितच सापडेल. साताऱ्याचा दुकानदार सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव विचारतो, मुलाच्या गुणपत्रिकेचा फोटो मामाला धाडला जातो, खताच्या दुकानात काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकटीसमोर फोन धरून पैसे चुकते होतात. हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की मध्ये काय घडते हे विचारावे असे मोठ्यांना वाटतच नाही. शाळेतली पोरे मात्र विचारतात, "गुरुजी, तो फोटो सबंधच्या सबंध जातो का हो?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर असे की, नाही. त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात बसतो, पाकिटावर पत्ता पडतो, आणि ती पाकिटे सुटी सुटी, कधी निरनिराळ्या वाटांनी, मुक्कामी जाऊन पुन्हा जुळतात. या व्यवस्थेला पॅकेट स्विचिंग म्हणतात. आज तिच्याविषयी, आणि तिचीच चुलतबहीण जी व्हर्च्युअल सर्किट तिच्याविषयी, बोलायचे आहे.

आधी जुनी रीत पाहू, म्हणजे नव्या रितीचे मर्म कळेल. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. साताऱ्याच्या व्यापाऱ्याला सांगलीच्या अडत्याशी बोलायचे तर तो कॉल नोंदवून वाट पहात बसे. साधा कॉल, अर्जंट कॉल, आणि फारच निकड असली तर लाइटनिंग कॉल, असे दराप्रमाणे प्रकार असत. ऑपरेटर फळीवरच्या भोकांत दोऱ्या खोवून एक तार दुसरीला जोडीत. अशा रीतीने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग वाट तयार झाली, की मग "बोला, बोला!" पुढे हे काम यंत्रे करू लागली, १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांच्या दरम्यान ऑपरेटरावाचून थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय आपल्या देशात प्रथम झाली. पण मूळ तत्त्व तेच राहिले. बोलणे चालू आहे तोवर ती वाट त्या दोघांचीच. याला सर्किट स्विचिंग म्हणतात.

या रितीचा गुण असा की एकदा वाट मिळाली की मध्ये कुणाची गर्दी नाही, शब्द क्रमाने जातात. दोष काय? तो शेतकऱ्याला लगेच कळेल. समजा, कालव्याच्या एका पोटपाटावर पस्तीस खातेदार आहेत, आणि पाट एकाच्या नावे सोडला आहे. तो पाणी पाजतो आहे की बांधावर भाकरी खात बसला आहे, याच्याशी पाटाला कर्तव्य नाही. पाट त्याच्याच नावावर. ट्रंक कॉलवर दोघे गप्प बसले तरी तार अडलेलीच राही. माणसांचे एकवेळ चालून जाते, कारण दोघांपैकी एकजण तरी बोलत असतो. संगणकांचे तसे नाही. तलाठ्याच्या कचेरीतला संगणक एक उतारा मागतो, क्षणात तो येतो, आणि मग दहा मिनिटे माणूस तो वाचीत बसतो. त्या दहा मिनिटांसाठी एक सबंध तार अडवून ठेवणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

हिशेब करून पाहू. शिक्षक मित्रांना वर्गातही करता येईल. एका तारेची ऐपत एका वेळी दहा जणांपुरती आहे. जुन्या रितीने तिच्यावर दहा माणसे बसतील, अकरावा बाहेर. आता असे धरा की प्रत्येक माणूस दहा मिनिटांपैकी सरासरी एकच मिनिट तारेचा उपयोग करतो, आणि कोण केव्हा करील याचा नेम नाही. तर त्याच तारेवर ३५ माणसे बसवली तरी दहाहून अधिकांना ती एकाच क्षणी हवी असण्याची वेळ दहा हजारांत चारच वेळा येते. संभाव्यतेच्या साध्या गणिताने हा आकडा निघतो. आणि ती वेळ आलीच तर अकराव्याने जरा थांबायचे, एवढेच. पाण्याची पाळी आपण तासांनी लावतो. इथे ती सेकंदाच्या हजाराव्या भागाने लागते, आणि ज्याला तहान नाही त्याची पाळी आपोआप दुसऱ्याकडे जाते.

ही कल्पना दोन माणसांना, एकमेकांना न सांगता, सुचली. अमेरिकेत रँड नावाच्या संशोधन संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६० नंतरच्या चार वर्षांत ती मांडली. त्यांच्यापुढे प्रश्न युद्धाचा होता. मध्यवर्ती एक्स्चेंजवर बॉम्ब पडला तर सगळा देश मुका होईल. मग मध्यवर्ती असे काही ठेवायचेच नाही, कोळ्याच्या जाळ्याऐवजी माशाचे जाळे विणायचे, प्रत्येक गाठ तीनचार शेजाऱ्यांना बांधायची, असा त्यांचा विचार. इंग्लंडात नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले डोनाल्ड डेव्हिस १९६५ साली त्याच जागी पोचले, पण त्यांना चिंता युद्धाची नव्हती. महागड्या तारा रिकाम्या पडून राहतात, ही होती. पॅकेट हे नाव डेव्हिस यांचे. दुसऱ्या भाषांतही सहज रुळेल असा शब्द त्यांना हवा होता. मराठीत तर तो पाकीट होऊन कधीचाच बसलेला आहे! २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये अशा जाळ्यावरून पहिला संदेश गेला. "लॉगिन" या शब्दाची पहिली दोन अक्षरे, एल आणि ओ, पोचली आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. थोड्या वेळाने पुन्हा जमले. आर्पानेट ते हेच.

पाकिटात मावते किती? आपल्या घरी-दारी वापरात असलेल्या जाळ्यांत एका पाकिटाची मर्यादा बहुधा १,५०० बाइटांची असते. त्यातले निदान ४० बाइट पत्त्यात व इतर नोंदींत जातात. देवनागरीतले एकेक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे एका पाकिटात पावणेपाचशेच्या थोडी वर चिन्हे बसली. एका पोस्टकार्डाएवढा मजकूर म्हणा ना. सातबाराचा तीस लाख बाइटांचा फोटो पाठवायचा तर अशी दोन हजारांवर पाकिटे करावी लागतात. प्रत्येकावर कुठून आले, कुठे जायचे, सांगाव्यातला कितवा तुकडा, आणि आयुष्य किती, हे लिहिलेले असते. आयुष्य कसले, ते पुढे सांगतो.

आता पत्ता वाचून पाकीट नेते कोण? जाळ्यात जागोजाग राउटर नावाची यंत्रे असतात. आपण त्यांना नाके म्हणू. नाक्याला सगळ्या देशाचा नकाशा पाठ नसतो. टपालाचा पिनकोड पहा. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो आपल्याकडे आहे. सांगलीचा ४१६४१६. साताऱ्यात, म्हणजे ४१५००१ मध्ये, पत्रे निवडणारा माणूस पहिले तीन आकडे पाहतो. ४१६ आहे ना, मग ते त्या थैलीत. सांगलीतली गल्ली त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. शेवटच्या आकड्यांचा विचार पलीकडचा माणूस करील. संगणकाच्या पत्त्याचेही असेच असते. नाका पत्त्याचा पुढचा भाग पाहतो, आपल्या तक्त्यात "असा पत्ता असेल तर या तारेने" ही ओळ शोधतो, आणि पाकीट पुढच्या नाक्याच्या स्वाधीन करून मोकळा होतो. पाकीट पुरते हाती आल्यावाचून ते पुढे द्यायचे नाही, असा बहुतेक नाक्यांचा शिरस्ता आहे.

तक्ता तयार कसा होतो, ही खरी मौजेची गोष्ट. तो कुणी साहेब वरून पाठवीत नाही. शेजारी नाके आपसात सतत बोलत असतात: "माझ्याकडून सांगली दोन नाक्यांवर आहे", "माझी पलीकडची तार तुटली". त्या बोलण्यातून प्रत्येकजण आपापला तक्ता दुरुस्त करतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण विसरलेलो नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी साताऱ्याहून निघालेल्या मालमोटारीचा ड्रायव्हर काय करतो? कराडला चहाच्या टपरीवर विचारतो. पेठ नाक्यावरून आष्ट्याला जाता येत नसेल तर कडेगाव, विटा, तासगाव असा वळसा घेतो. घरून निघताना सबंध मार्ग ठरवलेला नसतो. प्रत्येक नाक्यावर त्या क्षणीची खबर घेऊन पुढची वाट धरायची. पाकीट याहून निराळे काही करीत नाही. एकाच फोटोची पहिली हजार पाकिटे आष्ट्यावरून आणि उरलेली विट्यावरून गेली, तरी पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अशा स्वतंत्र चालणाऱ्या पाकिटाला डेटाग्राम म्हणतात. तारेला टेलिग्राम, तसा हा डेटाग्राम. त्याच्या स्वातंत्र्याची किंमत अर्थात आहे. नंतरचे पाकीट आधी पोचते. नाक्यावर फार गर्दी झाली, साठवणाची जागा भरली, की नाका पाकीट चक्क टाकून देतो, आणि टाकल्याचे कुणाला कळवीलच असेही नाही. तक्ते बदलत असताना कधी दोन नाके एकच पाकीट एकमेकांकडे टोलवीत बसतात. म्हणून ते आयुष्य. प्रत्येक नाका त्या आकड्यातून एक वजा करतो. पुष्कळदा ६४ पासून सुरुवात होते; शून्य झाले की पाकीट मेले. असे नसते तर रस्ता चुकलेली पाकिटे भुतासारखी जाळ्यात फिरत राहिली असती.

मग हरवलेल्याची भरपाई कोण करतो? दोन टोकांची यंत्रे. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनी १९७४ साली ही योजना मांडली. टीसीपी हे तिचे नाव. पाठवणारा तुकड्यांना क्रमांक घालतो, घेणारा "इथवर पोचले" अशी पोच देतो, पोच आली नाही तर पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो, आणि दुबार आलेले घेणारा क्रमांकावरून ओळखून टाकून देतो. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने हीच पद्धत सर्वत्र चालू केली. मधले नाके अडाणी राहिले तरी चालेल, शहाणपण टोकांना असावे, असा हा कारभार आहे.

पण सगळ्यांना तो पटला नव्हता. विशेषतः निरनिराळ्या देशांची टेलिफोन खाती म्हणाली, गिऱ्हाईक पैसे मोजते, त्याला "पाकीट हरवले असेल, पहा बुवा" असे उत्तर आम्ही देणार नाही. त्यांनी दुसरी तोड काढली. तीच व्हर्च्युअल सर्किट. पाठ्यपुस्तकात याला आभासी परिपथ म्हणतात. मला स्वतःला "मानीव वाट" हा शब्द अधिक बरा वाटतो. महसुली कागदांत "मानीव" आपण वाचतो ना, प्रत्यक्षात नाही पण आहे असे धरून चालायचे. ही वाट तशीच आहे.

ती कशी चालते, हे नीट पाहू. पाठ्यपुस्तके इथे घाई करतात आणि मुले गोंधळतात. समजा सातारा, कराड, तासगाव आणि सांगली असे चार नाके एका रांगेत तारांनी जोडले आहेत. साताऱ्याच्या यंत्राला सांगलीच्या यंत्राशी व्यवहार करायचा आहे. ते प्रथम मजकूर पाठवत नाही; एक विनंतीचे पाकीट पाठवते, आणि त्यावर पुरा पत्ता असतो. सातारा नाका कराडच्या तारेवर मोकळा असलेला एक क्रमांक निवडतो, समजा ७. कराड आपल्या वहीत लिहितो: साताऱ्याकडून ७ क्रमांकाचे पाकीट आले तर ते तासगावच्या तारेवर १२ क्रमांक घालून सोडायचे. तासगाव लिहितो: कराडकडून १२ आले तर सांगलीला ३ म्हणून. सांगलीचे यंत्र "मान्य" म्हणते, तो होकार त्याच वाटेने उलटा येतो, आणि मानीव वाट तयार झाली. आता पुढच्या पाकिटांवर पुरा पत्ता लिहायचे कारण उरले नाही. नुसता ७ पुरे. कराडला तो ७ पुसून १२ होतो, तासगावला १२ पुसून ३. व्यवहार संपला की निरोपाचे पाकीट जाते आणि तिघेही आपापल्या वहीतली ओळ खोडतात.

मुले इथे हमखास विचारतात, की सर्वत्र एकच क्रमांक का ठेवीत नाहीत? कारण तसे केले तर सगळ्या जाळ्यासाठी क्रमांक वाटणारा एक मध्यवर्ती कारकून बसवावा लागेल, आणि मध्यवर्ती कारकून तर आपल्याला नकोच होता. दर तारेपुरता क्रमांक असला की दोन शेजाऱ्यांनी आपसात ठरवले म्हणजे झाले. साताऱ्याचा ७ आणि फलटणचा ७ यांचा संबंध नाही.

मग ट्रंक कॉलमध्ये आणि यात फरक काय राहिला? फरक असा की तार कुणाच्या नावे अडलेली नाही. ७ क्रमांकाची दोन पाकिटे जाण्याच्या दरम्यान त्याच तारेवरून ८, ९, ४० सगळे जाऊ शकतात. तुमचा व्यवहार गप्प बसला तर कराडच्या वहीतली एक ओळ तेवढी अडते. वाट कागदावर तुमची, जमिनीवर सर्वांची. पाकिटे मात्र एकामागून एक त्याच मार्गाने जात असल्यामुळे क्रम मोडत नाही. शिवाय दर दोन नाक्यांच्या दरम्यान तपासणी होऊन बिघडलेले पाकीट तिथल्या तिथे परत मागवले जाते. पण तासगावचा नाका बंद पडला की त्याच्या वहीतल्या सगळ्या मानीव वाटा मेल्या. प्रत्येकाने पुन्हा विनंती करायची, पुन्हा होकार आणायचा. डेटाग्रामला हा त्रास नाही. त्याची कुठल्याही नाक्यावर नोंदच नसते.

१९७६ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय समितीने मानीव वाटेचा नियमग्रंथ मंजूर केला, एक्स.२५ हे त्याचे नाव. त्यात एका तारेवर चार हजारांच्या घरात क्रमांक असू शकत. उलट बाजूने फ्रान्सचे लुई पूझाँ आपल्या सिक्लाद नावाच्या जाळ्यात डेटाग्राम चालवून दाखवीत होते. हा वाद पुष्कळ वर्षे चालला. माझे मत विचाराल तर त्या वेळी दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. तांब्याच्या खरखरणाऱ्या तारा आणि टोकाला दुबळी यंत्रे असली की दर नाक्यावर तपासणी हवीच. पुढे काचेचे तंतू आले, त्यांत क्वचितच काही बिघडते, आणि टोकाची यंत्रेही बलवान झाली. मग दर नाक्यावरची झडती म्हणजे नुसता वेळेचा खोळंबा.

आपल्या देशात हे दोन्ही प्रकार आले. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने एर्नेट हे शिक्षणसंस्थांचे जाळे सुरू केले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्यात होत्या. त्याच दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना केंद्राचे निकनेट उपग्रहाच्या द्वारे जिल्ह्यांच्या ठिकाणी पोचले. उपग्रहाच्या वाटेचा एक हिशेब मुलांना द्यावा: उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच, म्हणजे जाऊन-येऊन ७२,००० किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. तेव्हा एका पाकिटाला पाव सेकंद, आणि त्याची पोच परत यायला आणखी पाव. दर पाकिटामागे पोचेची वाट पहात बसलो तर काम रखडेल; म्हणून पाच-पन्नास पाकिटे एकदम सोडून मग पोच पाहायची, ही युक्ती. दूरसंचार खात्याने १९९०च्या दशकात चालवलेले आय-नेट हे मात्र एक्स.२५ चे, म्हणजे मानीव वाटांचे जाळे होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य गिऱ्हाइकासाठी इंटरनेट खुले केले, आणि डेटाग्राम घराघरांत येऊ लागला.

आपल्या अगदी उंबऱ्याशी झालेला प्रयोग म्हणजे वारणेचा. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचे काम हाती घेतले गेले. गावातल्या केंद्रावर संगणक. उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन आणि बिल शेतकऱ्याला गावातच कळावे, ही कल्पना. कल्पना सुंदर, पण संगणकाला सतत वीज हवी, दुरुस्ती हवी, आणि टेलिफोनची तार धड हवी. दहा वर्षांच्या आत मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथे असे करून पाहिले, की काही गावांत संगणक काढून साधा मोबाईल ठेवला आणि वजन व बिलाची चौकशी एसएमएसने केली. ते चालले, आणि स्वस्त पडले. एसएमएस म्हणजे काय? १४० बाइटांचे एक पाकीटच. रोमन लिपीत १६० अक्षरे, देवनागरीत फक्त ७० चिन्हे. वीज गेली, फोन बंद असला, तरी ते मध्यवर्ती यंत्रात थांबते आणि फोन चालू झाला की पोचते. उसाच्या वजनाची पावती काही सेकंद उशिरा आली तर बिघडत नाही. ती येते की नाही, याला महत्त्व.

हे सगळे तात्त्विक नाही, हे पैशाच्या व्यवहारात चटका बसला की कळते. खताच्या दुकानात दोन हजार रुपये फोनवरून दिले, चक्र फिरत राहिले, आणि मग "प्रतिसाद नाही" असे आले. पैसे गेले की नाहीत? इथे दोन शक्यता आहेत. एक, तुमची आज्ञाच बँकेपर्यंत पोचली नाही. दोन, आज्ञा पोचली, पैसे वळते झाले, पण पोच परत येताना हरवली. तुमच्या हातातल्या फोनला या दोहोंतला भेद समजण्याचा कोणताही उपाय नाही! टीसीपी दुबार पाकीट ओळखते हे खरे, पण तुम्ही बटण पुन्हा दाबले तर ते पाकीट दुबार नसते. तो नवा व्यवहार, नवा क्रमांक. म्हणून अशा वेळी बटणावरचे बोट काढावे आणि खात्यातली शिल्लक किंवा व्यवहाराची यादी पाहावी. कापलेले पैसे पलीकडे जमा झाले नाहीत, तर यूपीआयच्या बाबतीत, व्यक्तीला पाठवलेले असल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले असल्यास पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत, आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे.

निकालाच्या दिवशीची गोष्ट निराळी. ३५ माणसांचे आपले गणित "कोण केव्हा करील याचा नेम नाही" या एका वाक्यावर उभे होते. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार म्हटल्यावर लाखो घरांतून एकाच मिनिटाला मागणी होते. गणिताचा पायाच निसटतो. नाक्यांवर रांगा, पाकिटे टाकून दिली जातात. टीसीपीला पोच येईनाशी झाली की ते आपला वेग स्वतः निम्म्यावर आणते, ही त्यातली शहाणी तरतूद. सगळ्यांनीच जोर लावला असता तर कुणाचेच काही पोचले नसते. अर्थात पुष्कळदा रस्ता मोकळा असतो आणि दमते ते निकाल देणारे यंत्र. आपण दोन्हीला "रेंज नाही" म्हणतो.

आता आपल्या रेडिओकडे येऊ. रेडिओची लहर एकदाच निघते आणि ज्याच्याकडे संच आहे तो ती पकडतो. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, केंद्राला सारखेच. पाकिटांत हे नाही. तिथे साधारणतः दर श्रोत्यामागे वेगळी पाकिटे. हेच कार्यक्रम न्यूज ऑन एअर या ॲपवरही ऐकता येतात. संच आणि फोन शेजारी ठेवून पहा, फोनवरचा आवाज मागे राहील. पाकिटे अडखळत येतात, म्हणून फोन आधी थोडा साठा करतो आणि मग त्यातून वाजवतो. नळाला पाणी थांबून थांबून येते, पण रांजण भरलेला असला की तांब्या अखंड बुडतो, तसे. दोघांच्या संभाषणात एवढा साठा करता येत नाही, बोलणे तुटक होईल. तिथे हरवलेले पाकीट परत मागवण्यातही अर्थ नसतो. गेलेले अक्षर दोन सेकंदांनी येऊन काय उपयोग? म्हणून २०१६ नंतर आपल्याकडे पसरलेल्या फोर-जी टेलिफोनमध्ये बोलणे पाकिटांतूनच जाते खरे, पण त्या पाकिटांसाठी कॉल लागतानाच एक राखीव, अग्रक्रमाची वाट मुक्रर केली जाते. म्हणजे पहा, मानीव वाट मेली नाही. मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांच्या पोटातही पत्त्याऐवजी छोटा क्रमांक लावून पाकिटे पुढे ढकलण्याची रीत आज रूढ आहे, तीही त्याच कुळातली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच युक्तीने साधत नाही. वळसा घ्यायला दुसरा रस्ता असावा लागतो. बॅरन यांनी प्रत्येक गाठ तीनचार शेजाऱ्यांना बांधायला सांगितली होती. आपल्या पुष्कळ गावांना एकच तंतू येतो. भारतनेटच्या पहिल्या योजनेत तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत तंतू झाडाच्या फांद्यांसारखे नेले होते. रस्ता रुंद करताना जेसीबीने फांदी तोडली की पुढची सगळी पाने मुकी. रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र बंद, पंचायतीतला दाखला बंद. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित योजनेत फांद्यांऐवजी कडी करायचे ठरले आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तर पाकीट दुसऱ्या बाजूने फिरून येईल. ग्रामसभेत विचारण्यासारखा हा प्रश्न आहे: आपल्या गावचा तंतू फांदीवर आहे की कडीवर?

शेवटी, ज्या शाळेत संगणक आहे तिथल्या शिक्षकांसाठी एक प्रयोग. ट्रेसराउट नावाची एक आज्ञा संगणकात असते. तिला एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता दिला की ती वाटेतल्या नाक्यांची यादी दाखवते. ती हे कसे करते, हे मुलांना ओळखू द्यावे. उत्तर आपण वर पाहिलेल्या आयुष्याच्या आकड्यात आहे. पहिल्या पाकिटाला आयुष्य एकच देतात. ते पहिल्या नाक्यावर मरते, आणि बहुतेक नाके "पाकीट माझ्याकडे मेले" असे पाठवणाऱ्याला कळवतात. मग आयुष्य दोन, मग तीन, असे मुक्काम येईपर्यंत. मुलांनी फळ्यावर ही वाट काढावी. साताऱ्याहून सांगलीच्याच एखाद्या संस्थेकडे निघालेले पाकीट मुंबईला जाऊन आलेले दिसले तर चकित होऊ नये. दोन निराळ्या कंपन्यांची जाळी बहुधा मोठ्या शहरांतच एकमेकांना भेटतात. यादीत काही ओळींवर नुसत्या चांदण्या उमटतील. त्या नाक्याने मृत्यूची खबर द्यायचे नाकारले, एवढाच त्यांचा अर्थ. पुढच्या ओळीत नाव दिसले तर पाकिटे तिथून बिनबोभाट पुढे गेलेली असतात.